शिफारसपत्रातला शब्द

वैशाली नगर, जयपूर

प्रिय आई,

पाया पडते. माझा खोकला गेलाय, डबाही वेळेवर येतो, तेव्हा काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

परवा कॉलेजात चंचल नावाची माझी विद्यार्थिनी शिफारसपत्र परत घेऊन आली. तिला आणि तिच्या वर्गातल्या एका मुलाला पत्रं मीच दिली होती. फार शांतपणे म्हणाली, “मॅम, उसको आपने ॲस्ट्यूट लिखा, मुझे मेहनती. पर नोट्स तो वो मेरे ही पढ़ता है.”

ॲस्ट्यूट म्हणजे चाणाक्ष. इंग्रजीत वकील, व्यापारी, पुढारी यांना तो शब्द हमखास लावतात. मी सहा वर्षांची पत्रं काढून पाहिली. चाणाक्ष सगळे मुलगे. मुली मेहनती, मनमिळाऊ, वक्तशीर. सगळं माझ्याच हातचं.

चंचलचं पत्र मी नव्याने लिहिलं. जे मला दिसलं नाही ते तिला एका वाचनात दिसलं, तेव्हा तो शब्द तिचाच.

मग नाशिकचा तो फ्लॅट आठवला. कपाटामागची ओल तू हेरलीस, म्हणून आपण तो घेतला नाही. बाबा अजून सांगतात, दादा चाणाक्ष, त्यानेच वाचवलं. आणि तू फार कष्टाळू. मीही मान डोलावत आले.

नव्या रंगाखालची ओल तुला कशी कळली, हे मी कधी विचारलंच नाही. सवडीने लिही. आणि हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
विनया