मी आहे ना

१२ जून २०२४, बुधवार

उपासना सुट्टीला घरी आली. दोन बॅगा, त्यातली एक नुसती पुस्तकांची. पीएचडीचा विषय: जुन्या चीनमधल्या बाई-डॉक्टर. म्हटलं, नागपूरकराची पोर, वाढली टेक्सासच्या प्लेनोत, आणि चिनी बायकांच्या मागे कुठे लागलीस! "बाबा, ऐका तर आधी!"

जेवताना सांगत होती. पाचशे वर्षांपूर्वी तिकडे बड्या घरची बाई आजारी पडली की पुरुष वैद्य पडद्याच्या अलीकडे बसायचा. फार तर नाडीपुरतं मनगट बाहेर. काय होतंय, कुठे दुखतंय, ते नवरा आत जाऊन विचारणार, बाहेर येऊन सांगणार. म्हणून काही बायकाच वैद्यकी शिकल्या. एक तर आपल्या आजीकडून शिकली, आणि पन्नाशीत तिने स्वतःच्या पेशंट बायकांच्या हकिकती लिहून काढल्या. मैत्रिणीपाशी बोलावं तशा त्या तिच्यापाशी बोलायच्या, म्हणे.

मी म्हणालो, "म्हणजे नवरा फुकटचा इंटरप्रिटर!" उपासना हसली. सुवर्णा ताटं उचलायला लागली. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

१३ जून

ते ताट उचलणं डोक्यातून जात नाही.

१५ जून, शनिवार

लिहूनच टाकतो. सांगायची तर हिंमत नाही.

ऑक्टोबरात सुवर्णाला डॉक्टरकडे नेलं होतं. नेहमीच्या बाई रजेवर, त्यांच्या जागी एक तरुण पोरगा. सज्जन होता. विचारलं, फोनवर मराठी इंटरप्रिटर लावू का? मी म्हणालो, कशाला, मी आहे ना!

सुवर्णा खाली बघत म्हणाली, "त्यांना सांगा, अंगावरून जातंय. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, तरी."

तीस वर्षं या देशात मी जिभेवर जगलो. गॅस स्टेशनच्या काउंटरपासून अर्विंगच्या दोन दुकानांपर्यंत आलो तो बोलूनच. त्या वाक्याचं इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. येत होतं! पण त्या पोरासमोर तोंडातून निघेना. बायकोचं तसलं कसं सांगायचं?

म्हणालो, "शी हॅज वीकनेस."

त्याने रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. आम्ही घरी आलो. येताना मी तिला आइस्क्रीम खाऊ घातलं.

आठ महिने झाले.

१६ जून, रविवार

माझे कान तिखट, अख्खं अर्विंग जाणतं. गिऱ्हाइकाने नुसतं "भेंडी ताजी आहे का?" विचारलं तरी अमरावतीचं की अकोल्याचं ते सांगतो. फ्रीजर बिघडायच्या आधी मला आवाजावरून कळतं. आणि घरात?

आज धीर करून विचारलं, "अजून जातंय का गं?"

"गोळ्या घेतेय ना."

हे उत्तर नव्हे. पण मी पुढे विचारलं नाही. पुन्हा नाही विचारलं!

१८ जून, मंगळवार

शेजारच्या हुआंगबाई दारात. चीनमध्ये चेंगडूला तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात डॉक्टर होत्या, इथे नातवंडं सांभाळतात. सुवर्णाची आणि त्यांची रोजची चक्कर असते. एकीला चिनी येत नाही, दुसरीला मराठी नाही, इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं. मी चेष्टा करायचो, "काय बोलता गं दोन तास?"

आज बाईंनी सुवर्णाचं मनगट धरून ठेवलं होतं. काल दुकानातून येताना तिच्या पिशवीत पॅड दिसले म्हणे. एकसष्ट वर्षांच्या बाईच्या पिशवीत! फोनमध्ये चिनीत काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोन मराठीत म्हणाला, "तुमच्या पत्नीला रक्तस्राव होत आहे. तुम्हाला माहीत आहे?"

मी हो म्हणून मान हलवली.

"किती दिवस?"

उत्तर सुवर्णाने दिलं. मला नाही, फोनला. "आठ महिने."

जिन्यात उपासना उभी होती.

२० जून

काल उपासनाला ऑक्टोबरचं सगळं सांगितलं. म्हणाली, "नॉट नाऊ, बाबा. आय कान्ट." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

२४ जून, सोमवार

नव्या डॉक्टरीणबाईंकडे. नर्सने विचारलं, आत कोण येणार? मी उठलो. सुवर्णा म्हणाली, "उपासना. आणि हुआंग."

बसलो.

दार बंद. शब्द कळत नव्हते, आवाज ओळखू येत होते. मध्येच सुवर्णा हसली, मोठ्यांदा. तपासायच्या खोलीत, ही बाई! माझ्याबरोबर आली की नखं बघत बसायची.

२ जुलै, मंगळवार

रिपोर्ट. गर्भाशयाचा कॅन्सर. बाहेर पसरलाय. नऊ तारखेला ऑपरेशन, मग किमो. मग काय, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, हा एरवी लवकर सापडतो, कारण रक्त दिसलं की बायका लगेच सांगतात.

उपासनाने माझ्याकडे बघितलं नाही. मेहरबानी तिची.

८ जुलै, सोमवार

सुवर्णा उद्याची पिशवी भरत होती. समोर बसलो आणि सांगून टाकलं. "ऑक्टोबरात तू म्हणालीस ते मी सांगितलंच नाही. नुसतं वीकनेस म्हणालो."

गाऊनची घडी घालत म्हणाली, "माहितीये."

"माहितीये?"

"वीकनेस मला कळत नाही होय? आपल्याकडे त्याला सलाइन लावतात."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही कानापर्यंत लाल झाला होता. म्हटलं, परक्या पोरासमोर तुम्हाला कशाला मान खाली घालायला लावायची."