प्रश्न त्रेचाळिसावा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१९ नोव्हेंबर २००६

ती. त्र्यंबककाकांना,

आश्लेषाचा वाकून नमस्कार. (फोनवर वाकता येत नाही आणि ईमेल तुम्ही संजयदादाकडून वाचून घेता, म्हणून कागद.) गुडघा कसा आहे? काकू अजून जिना चढू देत नाहीत ना? देऊच नयेत. मी मजेत. माझी नागपूरची रूममेट हिमानी वरणातसुद्धा एवढं तिखट घालते की सर्दी टिकत नाही.

तुम्ही दर पत्रात विचारता, तू तिथे नेमकं करतेस काय. ऐका. सोव्हिएत राजवटीतून सुटलेला एक चिमुकला देश आहे (नाव सांगायचं नाही असा करार आहे, शिवाय मला उच्चार जमत नाही). लोकसंख्या आपल्या सांगली जिल्ह्याहून कमी. पैसा थोडा, माणसं थोडी, त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत कुठल्या तंत्रज्ञानाच्या मागे लागायचं आणि कुठल्याचा नाद सोडायचा, हे त्यांना आत्ताच ठरवायचंय. आमच्या प्रोफेसरबाई त्यांना मदत करतात आणि मी बाईंना. पद्धत अशी, की तिथल्या एकतीस जाणकारांना बेचाळीस प्रश्न पाठवायचे. लाकडाच्या भुश्श्यावर गावाची वीज कधी होईल, गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरून तिचं दुखणं कधी कळेल, असे. प्रत्येकानं साल लिहायचं आणि कारण. मग सगळ्यांचं मधलं साल काढून कारणांसकट त्यांनाच परत पाठवायचं, म्हणजे दुसऱ्या फेरीत ज्याला वाटेल तो मत बदलतो. कुणाचं मत कुठलं ते गुप्त. (सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर मेहुणे, कारण वाचलं की माणूस ओळखतात. पण गुप्त.)

आता माझा पराक्रम. ऑक्टोबरात इथली झाडं लाल-पिवळी होतात आणि माझं डोकं जागेवर राहत नाही. कॅम्पसची बस गोल फिरते. मी उतरायचं विसरून दोन-दोन फेऱ्या खिडकीशी बसून राहते. कधी न पाहिलेला तो देश दिसत राहतो, त्याचं धुकं, तळी, दुधाच्या किटल्या घेऊन चाललेल्या बाया, आणि मध्येच त्या धुक्यातून आपल्या विश्रामबागचा चौक निघतो, कोपऱ्यावर तुम्ही भाजीची पिशवी घेऊन उभे. अशाच एका दुपारी रकाने नीट बसतात का हे बघायला मी फॉर्मच्या तळाशी त्रेचाळिसावा प्रश्न टाइप केला: आश्लेषा घरी कधी जाईल? रकाने छान बसले. प्रश्न काढायचा राहिला आणि फॉर्म माझ्याच सहीनं गेले.

तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेत होतात, पुढचं तुम्हालाच कळेल. त्या लोकांना जुन्या राजवटीची सवय. रकाना रिकामा राहिला तर चौकशी व्हायची. एकतीसच्या एकतीस जणांनी उत्तर दिलं, कारणासकट. एका धरणवाल्या इंजिनियरनं २०११ लिहिलं, सुटे भाग मिळत नसल्यामुळे. एका बँकवाल्यानं २०१५, तेही युरोपचा निधी आला तर. मधलं साल निघालं २०१०. बाईंपुढे जाऊन कबूल केलं, म्हटलं आता आपली हकालपट्टी. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, पहिल्या फेरीतला प्रश्न दुसऱ्या फेरीत गाळता येत नाही, पद्धत म्हणजे पद्धत. झालं. माझं २०१० पुन्हा एकतीस घरी गेलं, आणि काका, आपल्याकडे लग्नाची तारीख ठरवताना सगळे शेवटी एका तारखेवर येतात ना, तसे ते सगळे २०१०च्या आसपास येऊन बसले.

फक्त एक म्हातारी हलली नाही. बटाट्याच्या बियाण्यावर चाळीस वर्षं काम केलेली. तिनं दोन्ही फेऱ्यांत 'कधीच नाही' लिहिलं. वेगळं मत देणाऱ्यानं कारण सविस्तर द्यावं असा आमचाच नियम, म्हणून तिनं ते दिलं: जिला घरी जायचं असतं ती एकतीस परक्या माणसांना विचारत बसत नाही, उठून स्टेशनावर जाते. त्या दिवशी मी बसच्या तीन फेऱ्या मारल्या. रागही आला. बाई, तुम्ही आपले बटाटे बघा, माझ्यात कशाला पडता? पण वाईटही फार वाटलं.

असो. काकूंना नमस्कार, दादाला आठवण, गुडघ्याला तेल.

तुमची
आश्लेषा

ता. क. आईनं विचारलं तर सांगा, तज्ज्ञांच्या मते २०१०.

ता. क. २. नको, हे सांगू नका. खरं सांगते. चार वर्षांत घरातलं कुणी मला नुसतं 'ये' म्हणालेलं नाही. आई म्हणते तुझ्या सोयीनं ये, काकू म्हणतात अभ्यास सांभाळून ये, तुम्ही विचारता कधी येतेस. सगळे आपले मधलंच लिहिता. माझ्या आड यायचं नाही म्हणून, हे मला कळतं. पण आईला म्हणावं, एका कार्डावर नुसतं 'ये' लिहून टाक. कारण द्यायची गरज नाही.

ता. क. ३. तिकीट कालच काढलं. बारा जानेवारीला निघते, संक्रांतीला घरी. आईला एवढ्यात कळू देऊ नका. आधी तिला लिहू दे.