उजवीकडची जागा

४ मे १९८७
आलो एकदाचे. नेब्रास्कातलं हे गाव एवढंसं, की पोस्टातल्या बाईंना आमची नावं आधीच ठाऊक होती. पिठाच्या गिरणीत नोकरी आहे, जायला गाडी हवी. शेजारच्या हॅस्केटबाईंच्या गोठ्यामागे तीन जुने पिकअप ट्रक उभे. एकाची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजून भुगा झालेली. दुसऱ्याला लोहचुंबक चिकटेना, म्हणजे पत्र्यापेक्षा भोकं बुजवायला भरलेली लांबीच जास्त. तिसरा, त्रेपन्न सालचा हिरवा, ठणठणीत. बाई म्हणाल्या, "घेऊन जा. म्हातारा तुझ्यापेक्षा बरा टिकलाय." माझी बायको नेडीन पोट धरून हसली.

१७ मे
कार्ब्युरेटर धुतला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. नेडीनने सीटला नवं रेक्झिन शिवलं. आज इंजिन सुरू झालं. ती कॉफी घेऊन उजवीकडे, ड्रायव्हरशेजारी, बसली ती बसलीच. म्हणाली, इथे फार बरं वाटतं.

२९ मे
नेडीन सकाळपासून ट्रकमध्येच. जेवायला बोलावलं तर म्हणाली, झालं की, ऑरिनने सँडविच आणलं होतं. ऑरिन कोण, विचारलं तर मलाच वेड्यात काढलं.

२ जून
हॅस्केटबाईंना गाठलं. ऑरिन त्यांचा नवरा, वारून वीस वर्षं झाली. तो गेल्यावर बाईंची बहीण अशीच त्याच्या या ट्रकमध्ये बसायची, त्याच्याशी बोलायची. एका दुपारी ट्रक आवारात होता, ती नव्हती. पुन्हा दिसलीच नाही. मग मला का दिलात, विचारलं. खाली बघत म्हणाल्या, "गावातलं कोणी घेईना रे."

३ जून
ओढून काढली तिला. नखं रेक्झिनमध्ये रुतलेली. घरात आणून बसवली. पाणी आणेपर्यंत पुन्हा तिथेच.

५ जून
इंजिन उतरवलं. शेडमध्ये साखळीला टांगलं. चाकंही काढणार होतो — पाना खाली ठेवला. ती काचेतून बघते, परक्या माणसाकडे बघावं तशी. हिच्याशिवाय मला आहे कोण.

६ जून, दुपार
डावीकडून आत, स्टीअरिंगमागे शिरलोय. तिचा हात घट्ट धरलाय, दुसऱ्याने लिहितोय. न्यायचंच असेल तर दोघांना —

ती म्हणते, "सरका जरा. ऑरिनला बसू द्या."

दार उघडत नाही. घर मागे चाललंय. इंजिन तिथेच साखळीला टांगलेलं दिसतंय, लहान लहान होत — स्टीअरिंग आपोआप — नेडीन, हात सोडू नको, नेडी