टाकी कोणी बंद करायची

३ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात जुलाबाचे बारा रुग्ण आहेत. सगळे एकाच टाकीचं पाणी पितात, आणि त्या पाण्यात जंतू सापडलेत. मागे आमच्या डॉक्टरांनी एक टाकी न विचारता बंद केली, तर वरच्या कार्यालयाने त्यांच्याकडूनच खुलासा मागवला. तेव्हापासून ते परवानगीशिवाय खोकतसुद्धा नाहीत. या वेळी तुझ्या देशभराच्या आरोग्य खात्याला विचारून सहा दिवस झाले. उत्तर नाही.

बारावी रुग्ण आपली आई आहे. सलाईन मीच लावलं. ती म्हणते, बारक्याला कळवू नकोस, तो जेवायचा नाही. तू जेव, आणि ती फाईल शोध.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

फाईल माझ्याच मजल्यावर होती. शेरा होता: ‘टाकी बंद केल्याचा अहवाल आल्यावर सादर करावे.’ म्हणजे तुम्ही आमची वाट बघत होता आणि आम्ही तुमची. साहेब म्हणाले, टाकी बंद करायला आमची परवानगी लागतच नाही, तो अधिकार पहिल्यापासून नगरपालिकेचा. औषधं आणि तपासणी पथक पाठवणं आमचं काम. तेही आम्ही केलं नव्हतं.

लहानपणी दुधाचं असंच व्हायचं. तुला वाटायचं मी झाकलं, मला वाटायचं तू. मांजर मात्र कुणावर विसंबून नसायचं.

औषधांच्या गाडीबरोबरच हे पत्र देतो. डॉक्टरांसाठी कायद्याच्या कलमाची नक्कल जोडली आहे. आईचं कळव. जेवलो नाही.

तुझा बारक्या

१२ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

डॉक्टरांनी कलम दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि चावी घेऊन स्वतः टाकीवर गेले. तुमच्या पथकाला टाकीत पाणी आणणारा नळ गटाराशेजारी फुटलेला सापडला. आमच्या माणसांनी तो बदलला. चार दिवसांत नवा रुग्ण नाही.

आई घरी आली. काल चहात साखर कमी म्हणून माझ्यावर डाफरली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुझं मांजर तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही दोघंही रोज विसरायचात, मांजर एकदाच प्यायलं, नंतर दूध मीच झाकायचे.

आत्ता ती झोपली आहे. उशाशी उकळलेलं पाणी आहे. मीच झाकून ठेवलं होतं. तरी उठून पाहून आले.

लोभ आहेच, वाढवायचा असेल तर रजा काढून ये.

तुझी ताई