आईचा फोटो

३ नोव्हेंबर
राहुरीत येऊन आठवडा झाला. निवृत्तीनंतर पुणं सोडल्याचं वाईट वाटत नाही. भाची धनश्री इथे कृषी विद्यापीठात नोकरीला आहे. तिच्या घरात मला उन्हाची खोली मिळाली. फेब्रुवारीत तिचं लग्न. मावशी, मांडवात फोटो चांगले यायला हवेत, म्हणत तिने गालांवरच्या वांगांसाठी मला लेझरवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मूळ रंग कळावा म्हणून त्यांनी जुना फोटो मागितला. माझा सापडेना. आईचा दिला, माझाच म्हणून. धनश्री गालात हसली.

९ डिसेंबर
दुसरं सिटिंग. बधिर करणारं मलम लावून अर्धा तास बसवतात. मग रबर सटकन बसावं तसा लेझर. वांग फिकटले. बधिरपणा मात्र उतरत नाही. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके उमटलेत, आईच्या गोंदणासारखे.

एकदा आई कॉन्व्हेंटमध्ये डबा घेऊन आली होती. मुली गोंदणाकडे बघत होत्या. ही आमच्याकडे कामाला येते, असं मी इंग्रजीत सांगितलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. तरी डबा ठेवून म्हणाली, ताई, जेवून घ्या.

१२ जानेवारी
तिसरं सिटिंग झालं. वांग गेले. काल कोल्हारला, आईच्या माहेरी गेलो. तिची मैत्रीण बनुबाई ओट्यावर बसली होती. माझा हात धरून म्हणाली, लंके, कवा आलीस गं? तू तर गेल्ती न्हवं? धनश्रीने सांगितलं, ही लंकाबाई आजी नाही, तिची मुलगी ज्ञानेश्वरी. बनुबाई माझ्याकडेच बघत म्हणाली, ती कशाला यील? तिला लई लाज वाटायची तुजी.

२ फेब्रुवारी
मलम न लावताही उजवा गाल बधिर. धनश्रीने फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मग घाईने पालथा ठेवला. तो फोटो काढल्यावर महिन्याभरात आईला अर्धांगवायू झाला होता. आधी गाल, मग जीभ, मग उजवा हात. चौथ्या दिवशी गेली.

४ फेब्रुवारी
फोटो माझा नव्हता, हे सांगायला डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जीभ उचलेना. त्या हॅलो, हॅलो करत राहिल्या —

५ फेब्रुवारी
धनश्री गाडी आणायला गेलीय. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही. बोटं जड — पेन सुटतंय — मागे घोळ नको, स्वतःचं नाव लिहून ठेवते —

मी लंकाबा