गाडी का हलत नाही

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वहिनींना नमस्कार, भाचीला गोड पापा.

इतके महिने पत्र लिहिलं नाही, माफ कर. दर रविवारी व्हिडिओवर भेटतोच, मग पत्र कशाला, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. फोनवर आई शेजारी असते आणि तिच्या डोळ्यांकडे बघत मी बोलते. पत्र एकटीनं लिहावं लागतं आणि लिहायला बसले की मला थापा मारता येत नाहीत. म्हणून बसतच नव्हते.

आई बरी आहे. (हे वाक्य तूर्त असंच राहू दे. त्याच्याकडे परत यायचं आहे.)

पत्रास कारण तुझा कालचा मेसेज. ‘अ‍ॅपवर दिसतंय की गाडी कितीतरी दिवस जागची हललेली नाही. असं करू नका, बॅटरीला चांगलं नसतं. रोज एक चक्कर तरी मार. आणि खालच्यातलं काय हवं ते निवड, मी लगेच मागवतो.’ खाली फोटो होते. मोठी काळी चाकं. मागच्या काचेवर बसवायचा पंख. आतून छताला चिकटवायचे चांदण्यांसारखे दिवे. स्टिअरिंगला लाल शिवणीचं कातडी कव्हर.

मी प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांना लेबलं लावत होते. तुझा मेसेज वाचून फोन खाली ठेवला आणि दोन बाटल्यांना एकच लेबल लावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. दोन्ही नमुने ओतून दिले. साहेब म्हणाले, “बरं नाही का?” मी म्हटलं, “नाही साहेब, राग आलाय.” ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

तर आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते, नाहीतर उद्या म्हणशील, मुद्द्याचं सोडून भलतंच लिहिलं.

मोठी चाकं नकोत. त्यांनी गाडी एका चार्जमध्ये कमी पळते आणि खड्डा थेट पाठीत येतो, हे मी वाचून काढलंय. मागचा पंख कशासाठी असतो ते तीनदा वाचूनही मला कळलं नाही, आणि आमच्या गल्लीत ज्या वेगानं गाडी चालते त्या वेगात त्याला स्वतःलाही कळणार नाही. चांदण्या नकोत. स्टिअरिंग मी धरते, आणि माझे हात आहेत त्या स्टिअरिंगवर सुखी आहेत.

न्यायानं लिहायचं तर तू आधी पाठवलेल्यातला हवा भरायचा पंप उपयोगी पडला. गाडीत जादा चाक नाही हे मला टायर बसल्यावर कळलं आणि तुझ्या पंपानं आम्ही घरी आलो. चार्जिंगची लांब केबलही चांगली निघाली. ती नसती तर गाडी रोज शेजाऱ्यांच्या फाटकासमोर आडवी लावावी लागली असती. रबरी पायपुसणी धुवायला सोपी आहेत. हे लिहिलं नाही तर तुझ्यावर अन्याय होईल, आणि आज मला तुझ्यावर अन्याय करायचा नाही. आज मला तुझ्यावर फक्त रागवायचं आहे. दोन्हींत सरमिसळ होऊ नये म्हणून हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन पत्रं फाडली.

दादा, तू गाडीच्या दाराच्या उंबऱ्याला लावायच्या दिव्यांच्या पट्ट्या पाठवल्या होत्यास. गुळगुळीत स्टीलच्या. दार उघडलं की निळ्या पेटणाऱ्या.

त्या लावल्या तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आईनं चारही दारं उघडायला लावली, लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अगंबाई! विमान उतरतंय जणू आपल्याकडे.” तिला खरंच आवडल्या होत्या. तुला फोनवर सांगितलं ते नाटक नव्हतं.

पुढच्याच महिन्यात एका संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. कुणीतरी नुकतीच गाडी लावायची जागा धुतली होती, आईच्या चपला ओल्या होत्या. तुझ्या या गाडीच्या पोटात बॅटरी आहे, त्यामुळे तिचा तळ उंच आहे. आई तुझ्यासारखी किंवा माझ्यासारखी आधी बसून मग पाय आत घेत नाही. ती पाय उंबऱ्यावर ठेवते, दार धरते आणि चढते. जिना चढावा तशी. तिचा पाय त्या पट्टीवर पडला आणि साबणावर पडावा तसा सटकला. उजवा गुडघा दाराच्या कडेवर आपटला. वाटी फुटली.

दार उघडंच होतं, त्यामुळे पट्टी पेटलेली होती. आई खाली, आणि तो निळा उजेड तिच्या तोंडावर. मी तिला उठवायच्या आधी दार लोटलं. तो उजेड मला सहनच होईना.

आता तू विचारशील, मला का नाही कळवलं? कारण आईनं शपथ घातली. दवाखान्यात, पायाला प्लास्टर घालत असताना, वेदनेनं ओठ पांढरे पडलेले आणि ही मला सांगते, “त्याला सांगायचं नाही. त्यानं किती हौसेनं पाठवलंय. जन्मभर खात बसेल स्वतःला.” मी म्हटलं, “खाऊ दे की थोडं.” तर म्हणते, “जीभ आवर. तुझं काय, तू इथेच आहेस.”

तू इथेच आहेस. दादा, हे वाक्य मी त्या दिवसापासून चघळते आहे. म्हणजे मी इथे आहे हे हवापाण्यासारखं झालं. त्याला हौस लागत नाही, ते पार्सलनं येत नाही, त्याचा फोटो काढून कुणी पाठवत नाही.

त्या दिवशीही तुझ्या अ‍ॅपवर गाडी दिसली होती, आठवतं? तू विचारलंस, ‘हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये इतका वेळ?’ आईनं मला पढवलं तसं मी लिहिलं की शेजारच्या काकूंना आणलंय. तुझं उत्तर आलं, ‘बरं. तिथे चार्जिंगची सोय आहे का?’

मी ते काकूंना दाखवलं. त्या खरोखरच आमच्याबरोबर आल्या होत्या, तेवढा खरेपणा मी राखला होता. त्या म्हणाल्या, “भाऊ गुणी आहे हो तुझा. गाडीला उपाशी ठेवणार नाही.”

मग प्रत्येक रविवारी आमचं नाटक. आई चांगली साडी नेसून खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, मी फोन असा धरायचा की कमरेखालचं काही दिसता कामा नये. तू म्हणालास, “आई, उभी राहा की, साडी बघू दे.” ती म्हणाली, “आत्ताच बसले रे जरा.” तू म्हणालास, “बारके, त्या पट्ट्या लागतात ना व्यवस्थित? एकदा दाखव.” आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तिथे हिरवं झालं होतं. मी नेट गेल्याचं सांगून फोन बंद केला. पट्ट्या मी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या सुरीनं उचकटून काढल्या होत्या. आई म्हणत होती, “परत चिकटव, त्यानं बघायला मागितलं तर?” तिचा पाय मोडलेला आणि तिला काळजी पट्टीची! त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. रोजनिशीत लिहून ठेवलं, ‘आज आईवर ओरडले, आणि जिच्यावर ओरडायला नको होतं तिच्यावर.’

आता मुख्य गोष्ट. हे सगळं झालं ते झालं, त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

प्लास्टर निघालं. हाड जुळलंय. पण गुडघा वाकत नाही, पाय सरळ काठीसारखा राहतो. व्यायामाच्या केंद्रात रोज जायचं आहे, लागणारी यंत्रं तिथेच आहेत. तिथल्या बाई सुरुवातीला घरी येऊन गेल्या. आईला त्यांचा राग येतो, कारण जन्मभर शाळेत पोरांना ‘गुडघा वर, गुडघा वर’ म्हणून कवायत घेतलेल्या बाईला आता एक तिशीची मुलगी ‘आजी, गुडघा वर’ म्हणते. त्या बाई मला दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, या महिन्यात वाकला तर वाकला. नाहीतर असाच राहील. मग जिना विसरा, आणि बाहेरचंही विसरा.”

आणि आई गाडीत बसायला तयार नाही.

दार उघडलं की ती उंबऱ्याकडे बघते. पट्ट्या नाहीत, डिंकाचे काळे डाग आहेत फक्त. ती बघते आणि म्हणते, “आज नको, उद्या जाऊ.” रोज. टॅक्सी बोलावते म्हटलं, तर म्हणते, “दारात आपली गाडी असताना? त्याला कळलं तर काय वाटेल?” मग खोलीत जाऊन तिची ती जुनी कवायतीची शिट्टी वाजवते. हल्ली मला बोलवायला ती शिट्टी वापरते. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे उशी. काल खूप वेळ वाजली नाही म्हणून बघायला गेले, तर शिट्टी हातात धरून भिंतीकडे बघत बसली होती. मला बघून म्हणाली, “काही नको गं. सवय करतेय.”

कशाची सवय, दादा? मला उत्तर माहीत होतं.

तर गाडी का हलत नाही याचं उत्तर हे आहे. गाडी हलत नाही हे तुला तिथे बसून कळलं. आई हलत नाही हे सांगणारं अ‍ॅप अजून निघालेलं नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत आले. वाईट आहे. पण खोडत नाही. माझ्या रागातला किती भाग तुझ्यावरचा आहे आणि किती आईवरचा, हे मी तपासून बघितलं. आई तुला जपते, आणि तुला जपण्यासाठी स्वतःचा पाय द्यायला निघाली आहे. तुला हे माहीत नाही, त्यामुळे दोष तुझा म्हणता येत नाही. पण एवढ्या वस्तू निवडल्यास, गाडीची लांबी, रुंदी, चाकाचा व्यास तुला पाठ. आईची उंची विचारलीस कधी? तिचा कुठला गुडघा आधीपासून दुखायचा? ती गाडीत चढते की बसते? ज्या दारातून ती आत जाते त्या दाराला सजवायचं तुला सुचलं, तिला धरायला काही लागतं का हे सुचलं नाही. गाडी तिच्यासाठी घेतलीस असं सगळ्यांना सांगतोस ना? मग गाडीसाठी वस्तू घेणं थांबव आणि तिच्यासाठी घे.

दाराच्या खाचेत अडकवायची मूठ मिळते, तिच्यावर भार टाकून उठता-बसता येतं. गोल फिरणारी गादी मिळते, आधी बाहेर पाय ठेवून बसायचं आणि मग वळायचं. पाय ठेवायला खरखरीत रबराची पायरी मिळते. यातलं नेमकं काय तिला चालेल मला माहीत नाही. गादीनं बसायची उंची वाढेल की काय अशीही शंका आहे. म्हणून लगेच मागवू नकोस. आधी एक कर. वहिनींची ओढणी घे, स्वतःचा उजवा गुडघा सरळ ठेवून घट्ट बांध आणि तुझ्या गाडीत बस. मागे बस, पुढे बस. हात कुठे जातो बघ. मग मला लिही काय मागवायचं ते.

आज सकाळी मी आईला म्हटलं होतं, “काही होत नाही गं, मी धरते ना!” ती म्हणाली, “माझ्यासारखं बसून बघ एकदा, मग मला धीर दे.” मला ते टोचून बोलणं वाटलं. मी दार आपटून कामाला लागले. आणि आता तुला ओढणी बांधायला सांगताना लक्षात येतंय, की रोज तिच्यासाठी ते दार उघडणारी मी, मीही असं बसून बघितलेलं नाही. तुझ्याइतकीच मीसुद्धा बाहेरून बघत होते, फक्त जवळून.

या पानांचे फोटो काढून आत्ताच पाठवते, म्हणजे उद्याच्या फोनच्या आधी तू वाचलेलं असेल. शपथ मोडली, ते मी आईला स्वतः सांगेन. उद्या ती ‘मजेत आहे’ म्हणेल तेव्हा तिला खोटं पाडू नकोस आणि माफी मागत रडूही नकोस. ती तुलाच समजावत बसेल आणि आणखी एक दिवस जाईल. तिला सरळ म्हण, “आई, फोन खाली कर, पाय दाखव.” तुझं ती ऐकते. याचाही मला राग आहे, पण सध्या तो उपयोगी आहे.

आणि माझ्या फोनवरून आता फक्त तिचे फोटो येतील. गाडीचे मागू नकोस.

तुझ्यावर अजून रागावलेली,
इथेच असलेली,
बारकी

उद्या : आई उठायच्या आत, उजवा गुडघा ओढणीनं बांधून गाडीत बसून बघणे.