दिलेलं गाव

भोर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. अमृत यास,

मालूताईचे अनेक आशीर्वाद. सगुणाला आणि मुलांना माझी आठवण सांग.

गोणी पोचली. इंद्रायणी तांदूळ वीस किलो, नाचणी, हुलगे, आणि फडक्यात बांधलेला काळा घेवडा. टेम्पोवाल्या गेनूनं भाडं घेतलं नाही, "दादानं दिलंय" म्हणाला. गोणी जिना चढवायला एकाला वीस रुपये दिले, तेवढेच माझे. ते हिशेबात लिहिले. माहेरच्या धान्याची किंमत लिहायची नसते. गोणीत चिठ्ठी असेल म्हणून तळापर्यंत हात घातला. नव्हती. असो. चौदा वर्षांनी तुझ्या शेतातलं काही दारात आलं, हेच पुष्कळ. नव्या भाताचा देवाला नैवेद्य दाखवला.

इकडे सगळं ठीक. स्वरूप रोज पुण्याला जाऊन-येऊन नोकरी करतो. सूनबाई सोनिया घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. थंडी बरी आहे. यांची तब्येत आहे तशी आहे. जेवतात, झोपतात.

"आहे तशी" लिहिलं आणि मघाशी पेन खाली ठेवलं. गेनूनं काहीतरी सांगितलं असेल, म्हणूनच गोणी आली, हे मला कळतं. तर लिहूनच टाकते. वैशाखात यांना झटका आला. हातपाय सावरले, पण माणसं पुसली गेली. स्वरूपला "साहेब" म्हणतात. मला "अहो बाई". परवा मी वाढत होते, तर म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडच्या? घरी वाट बघत असतील, निघा आता."

"निघते, भांडी आवरून," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि अशा माणसाला कोडी सुटतात, अमृत!

सोनिया दुपारी मोबाईलवर एक खेळ खेळते. त्यात खिंड अडवून बसलेला दगडाचा राक्षस आहे. त्याचं नाव इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला धोंडासुर म्हणते. आपण बोललेलं त्याला कळतं आणि तो मराठीत उत्तरं देतो, कीर्तनकारासारखी घोळवून. कोडं घालतो, सुटलं तर वाट देतो. एकदा त्यानं विचारलं, "हे वाटसरू, पाय नाहीत तरी डोंगर उतरतो, तोंड नाही तरी गातो, तो कोण?" सोनिया डोकं खाजवत होती. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "ओढा."

इतका स्वच्छ शब्द यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकला.

तेव्हापासून रोज दुपारच्या चहाला धोंडासुराची बैठक असते. हे उशीला टेकून बसतात. उत्तर बरोबर आलं की त्यालाच टोमणा, "काय रे धोंड्या, शाळेत गेलावतास का न्हाई?" आम्ही सगळे हसतो. सकाळी उठल्या उठल्या विचारतात, "आमचा गडी आला का?" त्या दगडाची ओळख राहते. तीस वर्षं जिनं वाढलं ती रोज नवी.

मंगळवारी मी सोनियाला विचारलं, "माझं एक कोडं त्याच्या तोंडी घालता येईल का गं?"

"येईल की आई. सांगा, मी लिहिते."

भाकरी थापता थापता जुळवलं होतं:

आली तेव्हा पाहुणी, मग परत गेलीच नाही;
सगळं घर तिच्या हाती, दारावर नाव नाही.

धोंडासुरानं ते दोनदा म्हटलं. हे विचारात पडले. माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, झालं. मग नजर छताकडं गेली. "चिमणी?" म्हणाले.

"नव्हे."

"मांजर?"

"नव्हे, वाटसरू. हार मानतोस? मग काय देशील?"

आबांच्या ओट्यावरची रीत तुला आठवते ना? कोडं सुटलं नाही की हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं, आणि ज्यानं कोडं घातलं त्याचं ते गाव. तू उदार, सबंध पुणं देऊन टाकायचास. मी चिकट, भाटघर धरणाच्या पाण्यात गेलेलीच गावं द्यायची. हे नवे जावई होते तेव्हा आबांनी यांनाही त्यात ओढलं होतं.

हे म्हणाले, "हरलो बुवा. मार्गासनी दिली."

तुझ्या लग्नापासून आपल्या गावाचं हे नाव त्यांनी घेतलं नव्हतं. पंगतीत तू तुपाचं भांडं घेऊन आलास आणि भर मांडवात म्हणालास, "आला की पाटावर, रुसला की वाटेवर, फुगून बसतो ताटावर, सांगा दाजी, कोण?" बायकांतून कुणीतरी "जावई!" ओरडलं आणि मांडव हसला. थट्टाच होती. हे भरल्या ताटावरून उठले. मार्गासनीची माती पायाला लागू देणार नाही म्हणाले, स्वतःच्या नाही आणि माझ्याही नाही. ते पाळलं. आई गेली तेव्हा मी इथंच नीरेवर जाऊन पाणी सोडलं. त्यावरून तू बोलणं टाकलंस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

सोनियाला यातलं काही ठाऊक नाही. "आई, रडताय काय? बाबा उद्या जिंकतील की!" मी म्हटलं, कांदा चिरला. हातात तर वाती होत्या.

आता तू सांग. खेळात ते गाव धोंडासुराला गेलं. पण रीत आबांची, आणि कोडं माझं होतं. मग गाव कोणाचं? मी जिंकले ती त्यांनी मला ओळखलं नाही म्हणून. ओळखलं असतं तर मार्गासनी मिळाली नसती. देवाकडं दोन्ही मागितलं होतं, त्यानं एकच दिलं.

यांना कळत नाही म्हणून गुपचूप निघून यावं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण त्यांच्या तोंडून दिलं गेलंय, तर एक दिवस यायचं आहे. हे वेल्ह्याच्या कचेरीत नोकरीला असताना जाता-येता एसटी मार्गासनीला थांबायची. चार माणसं उतरायची, मी खिडकीशी बसून राहायची. एकदा तू बैल घेऊन रस्त्याकडेला उभा होतास. मी पदर तोंडावर ओढला.

सकाळी येईन, आईच्या फोटोला हार घालीन, तुमच्यात बसून जेवीन आणि दुपारच्या गाडीनं परत फिरेन. सोनिया यांच्याजवळ बसेल. पण घर तुझं आहे आणि राग तुझाही आहे. यांनी दिलं, तू देतोस का?

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा "सगळं ठीक" एवढंच म्हणेन. "ये" किंवा "येऊ नको", कार्डावर लिही आणि उलट टपालानं धाड. पत्त्यावर माझंच नाव घाल. पोस्टमन मला ओळखतो.

तुझी,
मालू